दोन रिंगा, मग कट

आजवर कुणालाही न सांगितलेली गोष्ट अशी, की एकदा माझ्या मोबाइलवर अगदी बरोबर नंबर लावून, अगदी बरोबर माणसासाठी एक फोन आला होता आणि मी "राँग नंबर" म्हणून तो कापला. बायकोला हे सांगितलेलं नाही. ज्याच्यासाठी तो फोन होता त्याला तर नाहीच नाही. मुळात मी कमी बोलणारा माणूस. आमच्या शाळेत माझी ख्याती अशी, की सर हजेरीशिवाय तोंड उघडत नाहीत. त्यामुळे एखादी गोष्ट न सांगणं मला कधी जड गेलं नाही. हीच एक जड गेली.

बायकोची माझ्या फोनबद्दल एकच तक्रार आहे. मी अनोळखी नंबर सोडत नाही. कर्ज देणाऱ्या बाया, विमा उतरवणारे, मी कधी न पाहिलेल्या गावात मला प्लॉट देणारे, "तुमचं सिमकार्ड दोन तासांत बंद पडणार" असं करड्या आवाजात सांगणारे, सगळ्यांचं मी शेवटपर्यंत ऐकून घेतो. शाळेतले तरुण सर म्हणतात, "सर, लाल अक्षरात स्पॅम लिहून येते ना वर, दिसत नाही का तुम्हाला?" दिसतं. तरी उचलतो. परवा एका कर्जवाल्या मुलीला मी विचारलं, "जेवलीस का बेटा?" तिची पाठ केलेली ओळ तुटली. मग म्हणाली, "नाही सर, अजून वीस कॉल बाकी आहेत." मी म्हटलं, "मग माझा धरून एकोणीस." ती हसली. बायको आतून ओरडली, "आता तिचं जेवण इथूनच पाठवा!"

बायकोला वाटतं मी स्वभावाने भला आहे. तसं नाही. मी घाबरलेला आहे. कोणता फोन कुणाचं काय घेऊन येईल याचा माझा अंदाज एकदा चुकलाय आणि त्यानंतर मी अंदाज करणंच सोडून दिलं.

गोष्ट कापसाच्या त्या वाईट वर्षांतली. भाव पडलेला, उभ्या पिकावर लाल्या आलेला, आणि पेपरात रोज आमच्या जिल्ह्याचं नाव. बाहेरगावी "यवतमाळ" म्हटलं की समोरचा माणूस आवाज खाली करायचा. आणि त्याच वर्षांत मी आयुष्यात सर्वांत जास्त हसलो, हेही कबूल करून टाकतो. चोवीस-पंचवीसचा होतो, शिक्षणसेवक म्हणून नुकता लागलो होतो, राळेगाव तालुक्यातल्या आमच्याच गावाशेजारच्या शाळेत. आणि माझं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालं होतं.

वस्तीतला पहिला मोबाइल माझा. घेतला तेव्हा आईने त्याला हळदीचं बोट लावू का असं विचारलं होतं. म्हटलं, नको, बटणं चिकटतील. पण वस्तीत खाली रेंजच नव्हती. घरात नाही, विहाराच्या ओट्यावर नाही, शाळेच्या पटांगणात नाही. रेंज होती ती फक्त पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर, अकराव्या पायरीपासून पुढे. दहाव्या पायरीवर "हॅलो हॅलो", अकराव्या पायरीवर माणूस स्वच्छ. मी रोज शाळा सुटल्यावर आणि रविवारी दिवसभर त्या जिन्यावर बसायचो. गावात नाव पडलं टाकीवाले गुरुजी.

आणि तो फोन नुसता माझा कधी नव्हताच. ज्यांच्याकडे फोन नाही ते शेजाऱ्याचा नंबर द्यायचे आणि पुढे 'पी.पी.' लिहायचे. पी.पी. म्हणजे नेमकं काय हे कुणालाच माहीत नव्हतं, पण अर्थ सगळ्यांना माहीत होता: या नंबरवर लावा, ते माणूस बोलावून आणतील. दोन महिन्यांत माझा नंबर अर्ध्या गावाच्या सोयऱ्यांकडे, सुरतेला गेलेल्या मजुरांकडे, पलीकडच्या तांड्यावर, सोसायटीत, आणि कसा कोण जाणे, वणीच्या एका बँडवाल्याकडे पोचला. तांड्यावरचे एक काका भावाचा फोन आला की जिन्यावर उभे राहून बंजाऱ्यांच्या गोरबोलीत एवढ्या मोठ्याने बोलत, की खाली नळावर बायका म्हणत, "यांले फोन कायले पाह्यजे? असंच बोलले तरी ऐकू जाईन तिकडे!"

हा सगळा कारभार एकट्याने झेपणारा नव्हता. तो चालायचा माझ्या मित्रामुळे. त्याला आम्ही फिटर म्हणायचो, कारण त्याने आयटीआयला फिटरचा ट्रेड केला होता आणि जगात नीट बसत नाही अशी प्रत्येक वस्तू त्याला बसवून पाहायची असायची. पहिलीपासून आम्ही एका टाटपट्टीवर. बारा-बारा तासांचं भारनियमन असायचं, तेव्हा त्याने भंगारातली ट्रॅक्टरची बॅटरी आणून माझा मोबाइल चार्ज होईल अशी जोडणी करून दिली. बाराव्या पायरीवर फळी ठोकून बसायला जागा केली. पाठ टेकायला मागे गोणपाट लावलं. आणि निरोप पोचवायचं काम त्याने आपणहून घेतलं. फोन आला की मी वरून ओरडायचो, तो सायकलवर टांग टाकायचा, आणि दहा मिनिटांत माणूस जिन्याखाली हजर. "फिटर एक्सप्रेस," तो म्हणायचा. "तिकीट नाई, थांबा नाई."

त्याचा स्वतःचा एक फोन यायचा होता. नागपूरच्या पलीकडे एका कारखान्यात फिटर भरणार होते. परीक्षा झाली होती, हाताचं कामही बघून झालं होतं. त्याचा फॉर्म मीच भरला होता, माझ्या फळ्यावरच्या अक्षरात. निरोपासाठी फोन नंबर या रकान्यात माझा नंबर आणि पुढे पी.पी. "निवड झाली तर फोन करू," असं तिथल्या बाबूने सांगितलं होतं. त्याच्या मागे आणखी एक गोष्ट होती, ती फक्त मला माहीत. वर्धेकडच्या एका लग्नात त्याने एक मुलगी पाहिली होती आणि तिनेही त्याला. तिच्या वडिलांचं म्हणणं सरळ होतं: नोकरीचा कागद दाखवा, मग बोलणीला बसू. त्यामुळे फिटर रोज संध्याकाळी जिन्याखाली येऊन एकच प्रश्न विचारायचा.

"आला का बे?"

"नाई."

"येईन. कंपनीचं काम हळू असते."

आता माझ्याकडे येतो. माझी होणारी बायको उमरखेडच्या बाजूची. साक्षगंधाच्या दिवशी आम्ही एकमेकांशी मोजून चार शब्द बोललो, त्यातले दोन "पाणी" आणि "नको". पण निघताना तिच्या वहिनीने माझा नंबर लिहून घेतला. आठव्या दिवशी मी बाराव्या पायरीवर बसून वह्या तपासत होतो, तेव्हा एका अनोळखी नंबरवरून फोन आला.

"हॅलो. काय करायलात?"

बस. तेवढंच. "काय करायलात." आमच्याकडे कुणी असं बोलत नाही, आमच्याकडे "काय करून राह्यले" म्हणतात. त्या 'करायलात'ने माझ्या हातातलं लाल पेन खाली नळावर पडलं आणि एका मावशीच्या घागरीत गेलं. मी म्हटलं, "वह्या तपासून राह्यलो." तिकडे ती हसत सुटली. "राह्यलो! अजून एकदा म्हणा ना!" मी पुन्हा म्हटलं. एक रुपयाच्या नाण्याचं मिनिट संपलं आणि फोन तुटला. आमचं पहिलं बोलणं एवढंच, की तिने माझी बोली चिडवली आणि मी तिची साठवून ठेवली.

ती नाणं टाकायच्या फोनच्या डब्यावरून फोन करायची. पण तिच्या काकांना गावभर बसायची सवय. आज किराणा दुकानाच्या ओट्यावर, उद्या मेडिकलसमोर, परवा स्टँडवर. काका जिथे नसतील त्या डब्यावरून ती लावायची. म्हणजे दर वेळी नंबर वेगळा. म्हणजे माझ्या फोनवर कोणताही अनोळखी नंबर चमकला, की ती! पोटात फुलपाखरं म्हणतात तसलं नाजूक काही मला झालं नाही. मला सरळ उचकी लागायची. नंबर दिसला की उचकी, मग हॅलो. वस्तीतल्या बायांना उचकीवरून कळायचं. "लागली गुरुजीले! आला वाटते उमरखेडवरून!"

तर असाच एका दुपारी नवा नंबर आला. मी उचकी गिळली, आवाजात होती नव्हती तेवढी साखर घातली आणि म्हणालो, "बोल ना. किती वाट पाहून राह्यलो. जेवलीस का?"

पलीकडे कुणीतरी घसा खाकरला. मग जाड, सावकाश आवाज आला: "हो. जेवलो. पोळी, भाजी, वरण, भात. मी तुमचा केंद्रप्रमुख बोलतोय गुरुजी. पटसंख्येची माहिती अजून आली नाही."

मी जिन्यावर उभा राहिलो. खरंच उभा राहिलो, जणू ते समोर आहेत. "सर, मी... ते... घरचे समजलो सर."

"समजा, समजा. घरचेच समजा. पण माहिती पाठवा."

त्यानंतर मासिक बैठकीत ते मला बघून फक्त एवढंच विचारायचे, "काय गुरुजी, जेवलीस का?" आणि सगळं केंद्र हसून फुटायचं. आणखी एकदा मी एका पेपरच्या वार्ताहराला "आवाज बारीक झाला तुझा, बरी आहेस ना?" असं विचारलं. तो बिचारा मुंबईहून इथल्या पऱ्हाटीची, म्हणजे कापसाची परिस्थिती विचारत होता. त्याने मला परिस्थिती विचारण्याऐवजी स्वतःची तब्येत सांगितली. खोकला होता म्हणे.

मग तिने तोड काढली. ती हुशार आहे, आजही घरातल्या सगळ्या तोडी तीच काढते. ती आधी लावणार, दोन रिंगा होऊ देणार, आणि कापणार. नाणं परत खाली पडतं, खर्च नाही. मग लगेच पुन्हा लावणार, तो मी उचलायचा. दोन रिंगा, मग कट, मग ती. एवढं साधं. मी तर नाचलोच. आता मला प्रत्येक फोन ओळखता येत होता. आणि त्यावर मी माझ्या डोक्याने एक नियम वर चढवला: अनोळखी नंबर जर सरळ वाजत राहिला, तर तो ती नव्हे, आणि चारच्या सुमाराला, जेव्हा तिला घरातून बाहेर पडता यायचं, तेव्हा सरळ वाजणारे अनोळखी फोन उचलायचेच नाहीत. लाइन मोकळी पाहिजे. तिचं एक नाणं एंगेज टोनमध्ये गेलं तर ती दुसरं कुठून आणणार, आणि तोवर काका उठून त्याच डब्यावर आले तर?

फिटरला मी हा नियम मोठ्या अभिमानाने सांगितला. तो फळीचा खिळा ठोकत होता. थांबला.

"म्हंजे तू आख्ख्या वस्तीची लाइन एका पोरीसाठी बंद केली!"

"बंद नाई. नियोजन आहे ते. फक्त चार ते पाच."

"मास्तर, कंपनीवाले दोन रिंगा देऊन कट नाई करत. ते सरळ लावते. अन् चार ते पाच त्याइचं हापिस चालू राह्यते."

"तुझा मी उचलीन ना बावा. तुझा कसा नाई उचलणार?"

"पाह्य बरं. तुले कसा समजन माह्या हाय म्हून?"

"समजेल."

"मंग ठीक हाय," तो म्हणाला आणि हातोडा उचलला. एवढ्यावर त्याचं समाधान झालं. माझ्या शब्दावर त्याचं फार लवकर समाधान व्हायचं.

कापूस वेचणीचे दिवस आले. तिच्या घरीही कापूसच, आणि तिच्या वडिलांनी निरोप पाठवला की यंदा भावाचं काही खरं दिसत नाही, लग्न पुढच्या सालावर टाकू. पुढचं साल! मला ते शब्द ऐकून दोन दिवस अन्न गेलं नाही. वस्तीतल्या आज्याही हळहळल्या, एकीने मला सल्ला दिला, "पोरी, गुरुजी, एक साल थांबत असतात, पण पोरं बिघडतात." शेवटी ठरलं, की शनिवारी तिचे मामा-काका सगळे बसतील, आणि चार वाजता ती फोन करून काय ते सांगेल. एप्रिल की पुढचं साल.

शनिवारी सकाळची शाळा. मी साडेअकराला जिन्यावर. पावणेचारच्या सुमाराला तांड्यावरच्या काकांच्या भावाचा फोन आला: बहिणीला मुलगी झाली, निरोप द्या. फिटर खालीच होता. मी ओरडून सांगितलं, त्याने सायकल काढली. जाता जाता वर बघून म्हणाला, "तुह्यी आज परीक्षा हाय. पेढे तयार ठेव. अन् माह्यावाला आला तर सांग, अर्ध्या तासात येतो म्हणा."

"सांगतो."

चार वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला. मला उचकी लागली. दोन रिंगा. तिसरी. चौथी. म्हणजे ती नव्हे. मी नंबर बघितला: लांबचा, कुठल्याशा शहरातला लँडलाइन. वाजू दिला. थांबला. पुन्हा तोच. सरळ, शांत, न थकता. आता या क्षणी ती डब्याजवळ उभी असेल, हातात नाणं, काका कोपऱ्यावर. तिसऱ्यांदा तो वाजला तेव्हा मी चिडून उचलला, केवळ त्याला थांबवायला.

एक सभ्य आवाज. त्याने फिटरचं पूर्ण नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट, जसं मी फॉर्मवर लिहिलं होतं तसं. "कारखान्यातून बोलतोय. त्यांनी हाच नंबर दिलाय निरोपासाठी. जरा बोलावता का? मी लाइनवर थांबतो."

थांबतो, तो म्हणाला. त्या एका शब्दाने माझं डोकं फिरलं. तो थांबणार, लाइन अडणार, तिकडे तिला एंगेज लागणार, ती घरी जाणार आणि मला एप्रिल की पुढचं साल ते कळणारच नाही. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं: अर्ध्या तासाने करा, येतोय तो. किंवा नुसतं: काय निरोप आहे ते सांगा. दोन्ही वाक्यांना एक नाणंसुद्धा लागलं नसतं. त्याऐवजी मी म्हणालो, "राँग नंबर," आणि कापला.

त्याने आणखी एकदा लावला. भला माणूस असणार. मी न उचलता कापला.

मग एक मिनिट काही नाही. मग नवा नंबर. एक रिंग, दोन रिंगा, कट. आणि परत.

"एप्रिल!" ती ओरडली. ओरडली म्हणजे कुजबुजत ओरडली, दुकानदार ऐकत होता. "बाबा तयार झाले. मामा म्हणाले, कापसाच्या भावावर लेकीचं लग्न ठेवायचं का? एप्रिल! ऐकायलात ना?"

"ऐकून राह्यलो! ऐकून राह्यलो!"

"अजून एकदा म्हणा!"

मी जिन्यावरून खाली कसा आलो मला आठवत नाही. दोन पायऱ्या चुकल्या एवढं गुडघ्याला आठवतं. नळावरच्या बायांना मी सांगितलं, "एप्रिल!" त्या म्हणाल्या, "काय एप्रिल?" मी म्हटलं, "एप्रिलमधी!" मग त्यांना कळलं आणि एकीने माझ्या डोक्यावर घागरीतलं पाणी ओतलं. आईने डबा उघडून वस्तीभर साखर वाटली. मी चिखलाने माखलेला, केसांतून पाणी गळतंय, तोंडात साखर, आणि हसायचं थांबता येत नाही, असा होतो तेवढ्यात फिटर सायकल टाकून धावत आला. त्याला कुणीतरी वाटेतच सांगितलं होतं. त्याने मला उचलून सरळ खांद्यावर घेतलं आणि नाचायला लागला. सगळी वस्ती टाळ्या पिटत होती. नाचता नाचता त्याने मान वर करून विचारलं, "अन् माह्यावाला? आला का बे?"

मी त्याच्या खांद्यावर बसलेलो होतो. वरून मी म्हणालो, "नाई."

"येईन," तो म्हणाला आणि नाचत राहिला.

मला तेव्हा खरोखर वाटलं होतं की हे सोमवारी दुरुस्त करता येईल. सोमवारी शाळेतून अर्धी रजा काढून मी एसटीने राळेगावला गेलो आणि तिथल्या बूथवरून तो नंबर लावला. माझ्या मोबाइलवरून नाही. त्यांनी तो नंबर ओळखला असता. म्हणजे आता मीच एक अनोळखी नंबर झालो होतो. आवाज बदलून फिटरचं पूर्ण नाव घेतलं आणि सांगितलं, मी त्यांचा भाऊ. फोनवर एक बाई होत्या, त्यांनी कागद चाळले. "शनिवारी सगळ्यांना फोन केले होते. त्यांची निवड झाली होती. पण त्या नंबरवर ते राहत नाहीत असं समजलं. आम्ही खालच्या नावाला बोलावलं. ते आज हजर झाले." मी विचारलं, "आता काही होऊ शकत नाही का?" त्या म्हणाल्या, "जागा निघाली तर कळवू." पुन्हा त्याच नंबरवर कळवू, असं त्या म्हणाल्या. मी आभार मानले.

परतीच्या एसटीत मी ठरवलं, घरी जाऊन सांगायचं. जिन्याखाली तो उभाच होता. "आला का बे?" मी म्हटलं, "नाई." पहिलं 'नाई' आनंदाच्या भरात गेलं होतं, हे दुसरं मी पूर्ण शुद्धीत बोललो.

तो महिनाभर विचारत राहिला. मग आठवड्यातून एकदा. मग माझं लग्न आलं आणि त्यात त्याने एवढं काम केलं की माझ्या सासरच्यांनी आधी त्यालाच नवरदेवाचा मोठा भाऊ समजून हार घातला. तो हार घालून त्याने दोन पंगती वाढल्या, उतरवायला विसरला. ऐन बुद्धवंदनेला वीज गेली तर जनरेटर फिटरने चालू केला, हात काळे करून परत आला, आणि फोटोत सगळ्यांच्या मागे त्याचे ते काळे हात वर दिसतात. बायको अल्बम दाखवताना अजून म्हणते, "हे बघा, हे काय करायलेत बघा!" आम्ही सगळे हसतो. मी जरा कमी हसतो, पण मी मुळातच कमी हसतो असं लोक धरून चालतात.

त्याच वर्षी वर्धेकडच्या त्या मुलीचं लग्न दुसरीकडे झालं. त्याला ते कुणाकडून तरी कळलं. मी भेटायला गेलो तेव्हा तो एक फवारणीचा पंप खोलून बसला होता. मान वर न करता म्हणाला, "जाऊ दे मास्तर. कंपनीवाल्याइले माह्यं काम पसंत नसन पडलं. त्या दिवशी हाताचं काम पाह्यलं ना त्याइनं, तवाच मले वाटलं होतं. लोखंड घासताना फाइल जरा आडवी चालली माह्यी." मी म्हटलं, "दुसरीकडे फॉर्म भरू." तो म्हणाला, "एकदा पाह्यलं ना." त्याने पुन्हा फॉर्म भरला नाही. मी चार वेळा आणून दिले. त्यावर तो पोरांची पतंग करायचा.

तो काही वाया गेला नाही, हेही सांगायला पाहिजे. पंप दुरुस्तीचं दुकान आहे, सात-आठ गावांचे पंप त्याच्याकडे येतात. पाच-सहा वर्षांनी लग्न झालं, वहिनी तोंडाने फटकळ आणि मनाने मोकळी आहे, मला बघितलं की म्हणते, "आले मौनीबाबा! चहासुद्धा तोंडानं मागत नाई, आपल्यालेच इचारा लागते." आमचं येणं-जाणं रोजचं आहे. त्याचा नंबर माझ्या फोनमध्ये पहिला आहे. दुरुस्त करता येण्यासारखं जे काही होतं ते मी गुपचूप केलं असं मला वाटत आलं: त्याच्या मुलीची पुस्तकं, दुकानाच्या परवान्याचे कागद, सरकारी कामांत सोबत जाणं. त्याला वाटतं माझा जीव आहे त्याच्यावर. आहेच. पण त्याला वाटतं तेवढंच ते नाही.

गेल्या महिन्यात त्याच्या घरी बसलो होतो. त्याची मुलगी नववीत आहे, कबड्डीत सरस. जिल्ह्याच्या संघाच्या निवड चाचणीला गेली होती आणि निकाल फोनवर कळवणार होते. ती आईचा फोन हातात घेऊन घरभर फिरत होती, अंगणात जा, आत ये, गच्चीवर जा. गालांवर लाली, पाय जमिनीला लागत नव्हते. मला तिला बघून हसूच फुटत होतं, मला तो जिना आठवत होता आणि माझी उचकी आठवत होती. वहिनी म्हणाली, "बस ना एका जागी, फोनले पाय नाई फुटत!" तेवढ्यात फिटर पान्हा पुसत बाहेरून आला. मुलीच्या डोक्यावर हात ठेवून, अगदी मायेने म्हणाला, "एवढी वाट नको पाहू बाई. आपल्याले असे फोन येत नसतात. आपलं काम त्याइले पसंत नाई पडत. मी पाह्यलं."

मुलीने फोन खाटेवर ठेवला आणि आत गेली.

मी चहा घेत होतो. माझ्या बशीतला चहा सांडला, वहिनीने फडकं दिलं. मी बशी पुसत बसलो. मुलीचा फोन नंतर आला, तिची निवडही झाली, तिने गल्लीभर आरडाओरडा केला आणि मी तिला खांद्यावर घेण्याच्या वयाचा राहिलो नाही म्हणून सर्वांनी मला हसून घेतलं. फिटर सगळ्यांत जास्त आश्चर्यात होता. "कसं काय केलं बे त्याइनं?" तो मला विचारत राहिला. "फोन केला ना त्याइनं! खरंच केला!"

मी त्याला पुस्तकं, कागद, सोबत असं काही देणं लागत नाही. तो हिशेब तो कधी मागणारही नाही. मी त्याला एवढंच देणं लागतो, की समोर बसून सांगावं: तुझं काम त्यांना पसंत पडलं होतं. तुझी निवड झाली होती. त्यांनी तुला फोन केला होता, चार वेळा. तो मी कापला. हे मी अजून त्याला सांगितलेलं नाही.